गेम कंपनी विकली जाणार म्हणतात. पुण्यातल्या स्टुडिओचं आणि बाबांच्या पैशाचं काय?

निपाणीच्या एका मुलाने विचारलंय. पुण्यात एका परदेशी गेम पब्लिशरच्या (गेम बनवून घेऊन बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या) स्टुडिओत तो टेस्टर आहे, सध्या घरी बसून काम चाललंय. कंपनीचे लागोपाठ दोन मोठे गेम आपटले, शेअर गडगडला आणि आता कुणीतरी अख्खी कंपनीच घेणार अशी बातमी फिरतेय. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: स्टुडिओ बंद पडेल का, आत्ताच दुसरीकडे उडी मारावी का, आणि कोल्हापूरच्या मामांच्या सल्ल्याने बाबांनी निवृत्तीच्या पैशातून या कंपनीचे शेअर घ्यावेत का.

मी सीए आहे. मुंबईत असताना कंपन्या विकत घेणाऱ्यांच्या बाजूने हिशेब तपासायचं काम केलं, त्यात गेमवाल्याही होत्या. आता बेळगावात टिळकवाडीत बसतो. कंपनीचं नाव तू लिहिलं नाहीस ते बरं केलंस, मीही विचारत नाही. खाली ज्या नावांची उदाहरणं देतोय ती जाहीर झालेल्या व्यवहारांतली आहेत.

बाबांचं आधी घेऊ. नोकरीचं काही झालं तर दुसरी बघता येते, निवृत्तीची रक्कम एकदाच येते.

मामांचं गणित मला ओळखीचं आहे. कंपनी विकली जाणार म्हणजे घेणारा बाजारभावापेक्षा वर देणार, आणि शेअर पूर्वी ऐंशीला होता तो आज दहाला मिळतोय म्हणजे स्वस्तच. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या बाबतीत नेमकं हेच गणित कित्येकांनी मांडलं. पुढे काय झालं ते बघ.

गिलेमो कुटुंबातल्या पाच भावांनी १९८६ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागात ती कंपनी काढली. २०१५ पासून विवेन्डी या बड्या कंपनीने बाजारातून तिचे शेअर गोळा करायला घेतले आणि २७ टक्क्यांपर्यंत मजल मारली. भाऊ काही बधले नाहीत. शेवटी मार्च २०१८ मध्ये विवेन्डीने ६६ युरो भावाने आपला सगळा हिस्सा विकला आणि बाजूला झाली. त्यातला ५ टक्के चीनच्या टेन्सेंटने घेतला. २०२२ मध्ये त्याच टेन्सेंटने भावांच्या घरच्या कंपनीत ३० कोटी युरो घातले, तेव्हा युबिसॉफ्टच्या शेअरचा भाव ८० युरो धरला होता. बाजारात त्या वेळी तो जेमतेम निम्म्यावर होता. म्हणजे ऐंशीचा भाव मिळाला तो भावांना. बाजारातल्या शेअरवाल्याला काय मिळालं? काही नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार वॉर्सचा गेम अपेक्षेइतका खपला नाही, पुढचा मोठा गेम लांबला, शेअर दहा युरोखाली आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बातमी आली की भाऊ आणि टेन्सेंट मिळून कंपनी बाजारातून काढून घ्यायच्या विचारात आहेत. एका दिवसात शेअर तीस टक्क्यांच्या वर उसळला. मामांसारखे लोक त्या दिवशी घेतात. पण तशी विक्री झालीच नाही. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं ते वेगळंच: असॅसिन्स क्रीड, फार क्राय आणि रेनबो सिक्स ही तीन दुभती नावं एका नव्या उपकंपनीत काढायची आणि टेन्सेंटने ११६ कोटी युरो देऊन त्यातला २५ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घ्यायचा. पैसे कंपनीत गेले, कर्ज हलकं करायला. शेअरधारकाच्या हातात दमडी आली नाही, आणि ज्या नावांसाठी त्याने शेअर घेतला होता त्यांच्यात एक भागीदार वाढला. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने सहा गेम रद्द केले तेव्हा तो शेअर पाच युरोच्याही खाली गेला.

यातून बाबांनी एवढंच बघायचं की ‘विक्री’ म्हणजे प्रत्येक वेळी शेअरवाल्याकडे चेक येतो असं नाही. आपल्याकडे सेबीचा नियम आहे: एखाद्याचा हिस्सा २५ टक्क्यांवर गेला की त्याला बाकीच्यांकडून किमान आणखी २६ टक्के घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते. फ्रान्समध्ये ही रेघ ३० टक्क्यांवर आहे. हुशार खरेदीदार रेघेच्या अलीकडेच थांबतो, किंवा मूळ कंपनीला हात न लावता खालची उपकंपनी घेतो. शिवाय मतं कुणाच्या हातात आहेत तेही बघावं लागतं. फ्रान्समध्ये शेअर बाजारातल्या बहुतेक कंपन्यांत दोन वर्षं स्वतःच्या नावावर नोंदलेल्या शेअरला दुप्पट मतं मिळतात, त्यामुळे प्रवर्तकाचा, म्हणजे कंपनी काढून ती ताब्यात ठेवणाऱ्याचा, हिस्सा पंधरा टक्के दिसला तरी मतांत त्याचं वजन जास्त असतं. प्रवर्तकाला विकायचं नसेल तर बाहेरच्याने कितीही चांगला भाव दिला तरी ते लांबत राहतं, आणि तोवर कंपनीतली रोकड संपत असते.

आणखी एक. बोलणी फिसकटली की काय होतं? स्वीडनच्या एम्ब्रेसर कंपनीने मे २०२३ मध्ये सांगितलं की दोन अब्ज डॉलरच्या वर उत्पन्न देणारा एक मोठा करार होणार होता तो रद्द झाला. एका दिवसात शेअर चाळीस टक्के पडला.

तेव्हा बाबांना माझं उत्तर ‘नको’ असं आहे. जोखीम घ्यायचीच हौस असेल तर मामांनी आपल्या पैशाने घ्यावी. परदेशी शेअर घ्यायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रिझर्व्ह बँकेची मुभा आहे म्हणून ते शहाणपणाचं ठरत नाही. बाबांचं उत्पन्न पेन्शनवर आणि मुलाचं उत्पन्न त्याच कंपनीवर, वर शिल्लकही तिथेच घातली तर घरातल्या सगळ्या वाटा एका दारातून जातात.

आता तुझ्याकडे येतो.

गेम पब्लिशर विकला जातो तेव्हा घेणारा नक्की काय घेतो, हे आधी डोक्यात पक्कं कर. आपल्या उद्यमबागेत फौंड्री विकायला निघाली की घेणारा आल्या आल्या भट्टी बघत नाही. पॅटर्न कुणाच्या मालकीचे आहेत आणि कुठल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर दर महिन्याला ठरलेली आहे, ते विचारतो. शेड, क्रेन, माणसं हे सगळं नंतर. पब्लिशरचे पॅटर्न म्हणजे त्याची नावं: ज्या मालिकेचा पुढचा भाग काढला की जुनं गिऱ्हाईक परत येतं, ती.

टीएचक्यू या अमेरिकी पब्लिशरचं दिवाळं डिसेंबर २०१२ मध्ये निघालं. चित्र काढायच्या टॅब्लेटचं एक खेळणं त्यांनी भरमसाट बनवलं, २०११ च्या नाताळात ते दुकानांत पडून राहिलं आणि कंपनी बसली. एका गुंतवणूक कंपनीने सहा कोटी डॉलरच्या आसपास देऊन सगळं एकगठ्ठा घ्यायची तयारी दाखवली होती. पण तुकड्या-तुकड्याने लिलाव केला तर जास्त येतात असं दिसलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये तसाच लिलाव झाला. सेगाने रेलिक हा स्टुडिओ २ कोटी ६६ लाख डॉलरला घेतला. कोख मीडियाने व्होलिशन २ कोटी २३ लाखांना घेतला. टेक-टूने एक गेम घेतला जो अजून बाजारातही आला नव्हता.

आणि ऑस्टिनच्या व्हिजिल या स्टुडिओवर बोलीच लागली नाही. तिथल्या लोकांनी डार्कसायडर्स नावाची चांगली चाललेली मालिका बनवली होती. माणसं घरी गेली. काही महिन्यांनी तेच डार्कसायडर्स हे नाव, इतर काही नावांबरोबर, नॉर्डिक गेम्सने एकूण ४९ लाख डॉलरला उचललं. नावाला गिऱ्हाईक मिळालं, ते नाव मोठं करणाऱ्या टीमला मिळालं नाही. हा एक प्रसंग नीट लक्षात ठेवलास तर उरलेलं सगळं समजायला सोपं जाईल.

व्होलिशनचं पुढचं ऐक. लिलावात ते वाचले. २०१४ मध्ये नॉर्डिकने टीएचक्यू हे मेलेल्या कंपनीचं नावही विकत घेतलं आणि २०१६ मध्ये ती स्वतःला टीएचक्यू नॉर्डिक म्हणवू लागली. २०१८ मध्ये या कंपनीने कोख मीडिया घेतली, म्हणजे व्होलिशन फिरून त्याच नावाच्या छताखाली. २०१९ मध्ये तिचं नाव एम्ब्रेसर झालं. वर सांगितला तो दोन अब्जांचा करार फिसकटल्यावर एम्ब्रेसरने काटछाट सुरू केली आणि ऑगस्ट २०२३ च्या शेवटी व्होलिशनला कुलूप लागलं. तीस वर्षांचा स्टुडिओ. पहिल्या विक्रीत वाचला म्हणजे कायमचा वाचला असं समजू नकोस.

आपल्याला जवळचं उदाहरण पुण्याचंच आहे. प्रिन्स ऑफ पर्शियाचा जुना गाजलेला भाग नव्याने बनवायचं काम युबिसॉफ्टने पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये मोठ्या थाटात जाहीर केलं. भारतातून एवढं मोठं काम पहिल्यांदाच होणार म्हणून तेव्हा आपल्याकडे कौतुकही झालं. मे २०२२ मध्ये ते काम काढून मॉन्ट्रियलला नेलं. जानेवारी २०२६ मध्ये जे सहा गेम रद्द झाले त्यात हाही होता. पुण्याचा स्टुडिओ २००८ पासून त्यांच्याकडे आहे, अनुभव भरपूर; तरी अडचण आली की काम मुख्यालयाच्या जवळ ओढलं जातं. मार्च २०२५ मध्ये नव्या उपकंपनीत ज्या टीम जाणार म्हणून जाहीर झाल्या त्यात मॉन्ट्रियल, क्वेबेक, शेरब्रूक, सॅग्ने, बार्सिलोना आणि सोफिया होत्या. भारतातला एकही नव्हता. यात आपल्या पोरांच्या कौशल्याचा काही संबंध नाही. हिशेबाच्या वहीत भारतातला स्टुडिओ खर्चाच्या बाजूला असतो आणि मालिकेची मालकी दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे असते, एवढंच.

म्हणून तुझ्यापुरता खरा प्रश्न ‘कंपनी कोण घेणार’ हा नाही. तू रोज सकाळी ज्या बिल्डवर (गेमच्या चालू आवृत्तीवर) बग शोधतोस तो गेम कुठला, आणि त्या नावाचा मालक कोण, हा आहे. गेम बाजारात आलेला असेल, दर सीझनला त्यातून पैसे येत असतील, तर तो कुणीही घेतला तरी त्याला टेस्टर लागणारच; अपडेट थांबले की उत्पन्न थांबतं. तीन वर्षं बनतोय पण अजून तारीख नाही असा नवा गेम असेल तर नवा मालक पहिल्याच तिमाहीत त्यावर कात्री चालवू शकतो. आणि नाव भाड्याचं असेल, म्हणजे सिनेमाचं किंवा खेळाच्या संस्थेचं, तर ते पब्लिशरबरोबर बुडतही नाही आणि राहतही नाही. टीएचक्यूकडे कुस्तीच्या डब्ल्यूडब्ल्यूईचं लायसन्स होतं. कंपनी बुडाल्यावर ते टेक-टूकडे गेलं, आणि ते गेम बनवणारी जपानची यूक्स ही बाहेरची कंपनी नव्या पब्लिशरसाठी तेच काम करत राहिली.

घेणाऱ्याची जातही बघ. दुसरा गेम पब्लिशर घेत असेल तर त्याच्याकडे टेस्टिंग, मार्केटिंग, एचआर आधीच आहे, त्यामुळे दुहेरी झालेल्या खुर्च्या पहिल्यांदा जातात. गुंतवणूक फंड घेत असेल तर कर्ज किती काढलं ते बघायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये ईए ही अमेरिकी गेम कंपनी ५५ अब्ज डॉलरला घ्यायचा जो करार जाहीर झाला त्यात २० अब्ज कर्जाचे होते, आणि ईए तर धडधाकट कंपनी होती. अशा कर्जाचं व्याज विकत घेतलेल्या कंपनीच्याच गल्ल्यातून जातं. प्रवर्तकच कंपनी बाजारातून काढून घेत असेल तर आपल्या भागातल्या लोकांना वाटतं की घरचा माणूस आहे, सांभाळून घेईल. घेतोही कधी कधी. पण त्यालाही कुणीतरी पैसे दिलेले असतात.

आता असं काम सांगतो जे तू आज रात्री करू शकतोस, आणि माझ्या अनुभवात शंभरातले नव्वद कर्मचारी ते करत नाहीत. तुझ्या ऑफर लेटरवर कंपनीचं नाव बघ. ते परदेशी पब्लिशरचं नसणार, ‘इंडिया प्रायव्हेट लिमिटेड’ असं काहीतरी असणार. ही इथली कंपनी दरवर्षी आपला ताळेबंद कंपनी खात्याच्या एमसीए पोर्टलवर भरते. शंभर रुपये भरले की तो कुणालाही बघता येतो. एओसी-४ हा ताळेबंदाचा फॉर्म उघड.

पहिल्या पानावर नफा दिसेल. त्याने खूश होऊ नकोस. अशा कंपन्या पालक कंपनीला खर्च अधिक ठरावीक टक्के असं बिल लावतात, त्यामुळे आई कर्जात बुडालेली असली तरी मुलगी कागदावर कायम नफ्यात असते. नफा हा इथे आयकर खात्याला दाखवायचा आकडा आहे, तब्येतीचा नाही. मागच्या टिपांकडे ये. ‘रिलेटेड पार्टी’ची, म्हणजे आपल्याच गटातल्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची, टीप शोध. तिथे दोन आकडे असतात: वर्षभरात पालक कंपनीला किती बिल लावलं, आणि ३१ मार्चला त्यातलं किती येणं बाकी आहे. बाकी आकड्याला वर्षाच्या बिलाने भाग आणि बाराने गुण, म्हणजे किती महिन्यांची उधारी ते कळेल. मागच्या वर्षी दीड महिन्याची असलेली उधारी या वर्षी चार महिन्यांवर गेली असेल, तर पुण्याचा पगार पालक कंपनी ओढूनताणून देतेय असं समज. मग बघ की ऑडिटरने पालक कंपनीच्या मदतीच्या पत्राचा उल्लेख केलाय का. ‘पालक कंपनी पुढचे बारा महिने आर्थिक साहाय्य करेल असं पत्र मिळालं आहे’ अशा अर्थाचं वाक्य मागच्या वर्षी नसून या वर्षी आलं असेल तर ऑडिटरला काहीतरी खटकलंय. शेवटी भाड्याच्या जागेची टीप. ऑफिसचा करार केव्हा संपतो? संपत आलाय आणि नवा केलेला दिसत नाही, वर सगळ्यांना घरून काम करायला सांगितलंय, तर... तू निपाणीत घरी बसून काम करतोयस म्हणालास म्हणून हे मुद्दाम लिहिलं. घरून काम म्हणजे संकट असं मुळीच नाही, पण या तीन टिपा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर बायोडेटा तयार ठेव.

हा ताळेबंद सहा-आठ महिने जुना असतो हे ध्यानात घे. ताजी खबर पालक कंपनीच्या तिमाही निकालात मिळेल. तिथे मी विक्रीच्या आकड्याआधी कर्जाच्या अटी बघतो. बँका आणि रोखेधारक ‘कर्ज नफ्याच्या इतक्या पटीपेक्षा वाढता कामा नये’ अशी अट घालतात. ती मोडली की धनको पैसे लगेच मागू शकतो, आणि मग कंपनी चांगलं गिऱ्हाईक शोधत बसत नाही, मिळेल त्याला विकते. निकालाची तारीख ऐन वेळी पुढे गेली तर बातमीपेक्षा तिकडे लक्ष दे.

राजीनामा आत्ता? मला घाई दिसत नाही, पण हातावर हात ठेवून बसायचंही नाही. तुला किती वर्षं झाली ते लिहिलं नाहीस. पाच वर्षांच्या जवळ असशील तर ग्रॅच्युइटी डोळ्यासमोर ठेव: शेवटच्या मूळ पगाराला (महागाई भत्ता असेल तर तो धरून) सव्वीसने भागून पंधराने गुणायचं, ते दर वर्षासाठी. साडेचार वर्षांवर स्वतःहून सोडणं म्हणजे ती रक्कम दान करण्यासारखं. कंपनीने काढलं तर नोटीस पे आणि वर काही महिन्यांचा पगार मिळण्याची शक्यता असते. स्वतः गेलास तर त्यातलं काही नाही. काढताना बहुधा राजीनाम्याचाच कागद पुढे करतात आणि संध्याकाळपर्यंत सही करा म्हणतात. सही करू नकोस. दोन दिवस मागून घे, लेखी. आई-बाबा कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असतील तर ग्रुप पॉलिसीतून स्वतःच्या पॉलिसीत जायची सोय नोकरी असतानाच विमा कंपनीला विचारून ठेव, नंतर तिथे कुणी उभं करत नाही.

मधल्या काळात टेस्टर म्हणून एक गोष्ट शिक, जी नव्या मालकालाही लागते आणि दुसऱ्या कंपनीलाही. नुसतं खेळून बग लिहिणारे कमी होत चाललेत. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो गेम बाजारात सोडण्याआधी आपापल्या नियमांची तपासणी करतात, त्यात गेम नापास झाला तर तारीख हुकते आणि जाहिरातीचे पैसे पाण्यात. ते नियम तोंडपाठ असलेला माणूस पब्लिशर शक्यतो सोडत नाही. नाहीतर पायथन घे आणि ऑटोमेशनकडे वळ. त्याला गेमबाहेरही काम आहे, पुण्यात आणि बेंगळुरूतही.

एक राहिलंच. कर्मचारी म्हणून पालक कंपनीचे थोडे शेअर तुझ्या नावावर असतील तर आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, भाव शून्यावर आला असला तरी. त्यात आकडे जानेवारी ते डिसेंबरचे लागतात, एप्रिल ते मार्चचे नाही, आणि तिथेच सगळे घोटाळा करतात. शेअर मिळाले त्या दिवसाच्या भावावर पगार म्हणून कर कापला गेलाय का ते फॉर्म १६ मध्ये बघून घे, आणि तोट्यात विकलेस तर तो तोटा त्याच वर्षी वेळेत रिटर्न भरून दाखव, म्हणजे पुढची आठ वर्षं वळता करता येईल.